गावात राहून तलवारबाज घडवायचा तर

विदर्भातल्या खेड्यातून आंतरराष्ट्रीय फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, खेळायचं, तर सुरुवातीला फार काही लागत नाही. पीस्ट म्हणजे खेळायची पट्टी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. एवढी जागा शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात किंवा सोयाबीन-तूर उचलल्यावर रिकाम्या झालेल्या गोदामात सहज निघते. अडचण पुढे येते. गावात खेळणारी पोरं चार, तीच रोज समोर. तिसऱ्या महिन्यापर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याची खोड पाठ होते आणि खेळ वाढायचा थांबतो. म्हणून या लेखातलं सगळं एकाच हिशोबाने मांडलं आहे. पाय गावातच पक्के करायचे, सामान स्वतः दुरुस्त करायला शिकायचं, आणि त्यातून वाचलेला पैसा न् सुट्ट्या परक्या खेळाडूंसमोर उभं राहण्यात घालायच्या.

सुरुवात ९ ते १२ या वयात झाली तर उत्तम. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयईच्या, अधिकृत स्पर्धेत उतरायला त्या वर्षाच्या १ जानेवारीला वय १३ पूर्ण लागतं. त्यानंतर १७ वर्षांखालचा कॅडेट गट, २० वर्षांखालचा ज्युनिअर गट आणि मग सीनिअर. चौदाव्या वर्षी हातात तलवार घेतलेल्या पोरीला कॅडेट गटात घाईघाईने ढकलू नका. तिला थेट ज्युनिअरसाठी तयार करा.

आधी हत्यार ठरवा

हत्यारं तीन. फॉईलमध्ये फक्त धडावर, फक्त टोकाने टच. सेबरमध्ये कमरेच्या वर, डोकं आणि हातांसकट, टोकानेही आणि पात्यानेही. इपीमध्ये डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही, पण टोकानेच. फॉईल आणि सेबरला 'हल्ल्याचा हक्क' असतो. टच लागला की पेटीवर त्या खेळाडूचा दिवा लागतो; दोघांचे दिवे लागले तर पंच ठरवतो की हल्ला कोणाचा होता आणि गुण त्यालाच मिळतो. इपीला हा नियम नाही. ज्याचा टच आधी लागला त्याचा दिवा, आणि दोघांचे टच सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोघांना एकेक गुण.

गावासाठी आमचा कौल इपीला आहे आणि कारणं साधी आहेत. हक्काचा निवाडा देणारा जाणकार पंच खेड्यात मिळत नाही. इपीत दिव्याची पेटी हाच पंच, त्यामुळे प्रशिक्षक नसलेल्या दिवशीही पोरं खऱ्या नियमांनी खेळू शकतात. शिवाय फॉईल आणि सेबरला अंगावर वीज वाहणारं जरीचं जाकीट, म्हणजे लामे लागतं. ते महाग असतं, घामाने खराब होतं आणि पोर वाढलं की लहान पडतं. इपीला लामे लागतच नाही. त्याच्या बदल्यात इपीच्या टोकाची देखभाल जास्त करावी लागते, ती पुढे सांगितली आहे.

या कौलाला एक अपवाद. तुमच्या जिल्ह्यात किंवा एसटीने दोन तासांच्या आत सेबरचा चांगला प्रशिक्षक असेल, तर सेबरच घ्या. सांगणारा माणूस हत्यारापेक्षा मोठा. मात्र दोन हत्यारं एकाच वेळी खेळवू नका. शाळेच्या स्पर्धेत जास्त पदकं मिळतील म्हणून तसं करतात, आणि पंधराव्या वर्षी पोराला एकही हत्यार धड येत नाही.

डावखुऱ्या पोराला डाव्या हातानेच खेळू द्या. घरात जेवताना उजवा हात वापरायला लावतात, ती सवय इथे आणायची नाही. बहुतेक खेळाडूंना डावखुऱ्यासमोर खेळायचा सराव कमी असतो, त्यामुळे तो त्याचा जन्मजात फायदा आहे.

पहिलं वर्ष पायांचं

चुन्याच्या फक्कीने पट्टी आखा. मधोमध एक रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना २ मीटरवर उभं राहायची रेघ, ५ मीटरवर इशाऱ्याची आणि ७ मीटरवर शेवटची. शेवटच्या रेघेमागे दोन्ही पाय गेले की समोरच्याला एक टच मिळतो. त्यामुळे इशाऱ्याची रेघ न बघता पायाला कळली पाहिजे. सुरुवातीला त्या रेघेवर सुतळी ताणून चिकटवा, म्हणजे मागे येताना टाचेखाली ती जाणवते.

जमीन कोणती, याला महत्त्व आहे. काळ्या मातीचं अंगण पावसाळ्यात चिकटतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं, तिथे घोटा मुरगळतो. सिमेंटच्या कोब्यावर टाच फुटते, कारण लंजमध्ये, म्हणजे हात लांब करून पुढचा पाय फेकत केलेल्या हल्ल्यात, पुढचा पाय टाचेवर उतरतो. सारवलेली, घट्ट चोपलेली मुरमाची जमीन किंवा कोब्यावर टाकलेली रबरी मॅट सगळ्यात बरी. कोब्याशिवाय पर्यायच नसेल तर पुढच्या बुटात टाचेखाली जाड रबराचा तुकडा घाला आणि लंजची संख्या निम्मी ठेवा.

उभं राहण्याची पद्धत अशी. पुढच्या पायाचा पंजा सरळ प्रतिस्पर्ध्याकडे, मागचा पाय त्याला काटकोनात, दोन्ही टाचा एकाच रेघेवर. अंतर खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. गुडघे वाकलेले, वजन दोन्ही पायांवर सारखं. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मग मागचा तेवढाच. मागे येताना आधी मागचा. पाय घासत किंवा उड्या मारत चालणारं पोर पुढे सुधारायला फार जड जातं.

आता लंज. यातला क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी हात लांब होतो, टोक लक्ष्याकडे निघतं. मग पुढच्या पायाची बोटं उचलतात आणि टाच जमिनीलगत पुढे फेकली जाते. त्याच क्षणी मागचा गुडघा ताठ होऊन शरीर ढकलतो. पाय टाचेवर उतरून पंजावर टेकतो. शेवटी पुढची नडगी उभी, गुडघा पावलाच्या बरोबर वर, मागचं पाऊल जमिनीला पूर्ण चिकटलेलं. नवख्या पोरांत तीन चुका हमखास दिसतात. पाय आधी आणि हात नंतर जातो, मग इपीत समोरचा त्याच्या उघड्या मनगटावर टच घेऊन मोकळा होतो. पुढचा गुडघा आत वळतो, याने सहा महिन्यांत गुडघेदुखी सुरू होते. आणि मागचं पाऊल कुशीवर लोळतं, त्यामुळे परत उठायला उशीर होतो. बाजूला उभं राहून मोबाईलवर चित्रण करा आणि पोरालाच दाखवा. दहा वेळा तोंडी सांगण्यापेक्षा ते लवकर उमजतं.

आठवड्यात पाच दिवस, दिवसाला सव्वा तास पुरे. दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या, पंचवीस मिनिटं नुसतं चालणं-थांबणं-दिशा बदलणं, दहा-दहाच्या चार फेऱ्या लंज, वीस मिनिटं टोकाचा नेम, बाकी ताण देणं. एलिमिनेशनचा, म्हणजे हरला तो बाहेर असा, सामना तीन-तीन मिनिटांच्या तीन पाळ्यांचा असतो, मध्ये एक मिनिट विश्रांती. चौथ्या महिन्यापासून पायांचा सरावही याच घड्याळावर घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. तेव्हा सकाळी साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवायचं, आणि जाड जाकीट अंगात असेल तर दर पंधरा मिनिटांनी मास्क काढून मीठ-साखर-लिंबाचं पाणी प्यायचं.

नेमासाठी भिंतीवर लाकडी फळी ठोका आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तीन थर खिळ्यांनी बसवा. त्यावर खडूने पाच रुपयांच्या नाण्याएवढी वर्तुळं काढा: मनगटाच्या उंचीवर दोन, कोपराला एक, छातीला एक, पावलाला एक. नुसत्या भिंतीवर टोक मारलं की पातं वाकतं आणि पॉईंट चेपतो. दुसरा सराव म्हणजे आढ्याला सुतळीने टांगलेला चिंध्यांचा चेंडू, तो हलत असताना टोचायचा.

तलवारी येईपर्यंत बांबूच्या काठीवर चालवता येतं. ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज, चेन्नईची सी. ए. भवानी देवी, हिनेही शाळेत बांबूच्या काठ्यांनी सराव केला होता. पण काठीने फक्त नेम आणि पाय. मास्कशिवाय समोरासमोर खेळणं एक मिनिटही नाही. १९८२ साली रोमच्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह तुटलेलं पातं मास्कमधून आत शिरून मरण पावला, आणि तो त्या वेळचा ऑलिम्पिक विजेता होता. आजची मजबूत पाती, मास्क आणि जाकिटांचे कडक नियम त्यानंतर आले.

सामान: काय घ्यायचं आणि कसं टिकवायचं

घेण्याचा क्रम मास्क, प्लास्ट्रॉन, जाकीट, हातमोजा, मुलींना छातीचं कवच (ते सक्तीचं आहे), मग तलवार, असा ठेवा. प्लास्ट्रॉन म्हणजे हत्याराच्या हाताच्या बगलेखाली जाकिटाच्या आत घालायचं जादा कापड. पातं तुटलं की ते बहुधा तिथेच घुसतं, म्हणून त्यात काटकसर नको. कपड्यांवर न्यूटनचा आकडा असतो, म्हणजे घुसणाऱ्या पात्याचा किती जोर कापड सोसेल ते. ३५० न्यूटनचं जाकीट सरावाला आणि स्थानिक स्पर्धांना चालतं. एफआयईच्या स्पर्धेत जाकीट, पँट आणि प्लास्ट्रॉन ८०० न्यूटनचं, मास्कची गळपट्टी १६०० न्यूटनची लागते. वाढत्या पोराला ८०० चं जाकीट तेराव्या वर्षी घेऊ नका, दोन वर्षांत आखूड होतं. राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर आल्यावर घ्या.

जुना मास्क विकत घेताना जाळी अंगठ्याने दाबून बघा. आत दबणारी, गंजलेली किंवा ठोकून सरळ केलेली जाळी फुकट मिळाली तरी घ्यायची नाही.

चार पोरांच्या गटाला एक दिव्याची पेटी, दोन रीळ (खेळाडूला पेटीशी जोडणारी, आपोआप गुंडाळली जाणारी वायर), तीन-चार इलेक्ट्रिक इपी आणि सहा बॉडी वायर (जाकिटाच्या आतून तलवार रिळाला जोडणारी) एवढ्यात खरे सामने सुरू होतात. रिळांना पैसे नसतील तर पेटीपासून लांब तीन-तारी वायर छताच्या हुकातून सोडा, चालतं. आणि स्वस्तात मिळणारा साधा मल्टीमीटर पहिल्याच दिवशी घ्या. गावात बिघडलेली तलवार दुरुस्त करणारा कोणी नसतो, पार्सलने पाठवली तर पंधरवडा जातो.

इपीच्या टोकात एक छोटं बटण असतं. पात्याच्या खाचेतून दोन बारीक तारा टोकापर्यंत चिकटवलेल्या असतात आणि बटण दाबलं की त्या जोडल्या जाऊन दिवा लागतो. बटण दोन अगदी लहान स्क्रूंनी धरलेलं असतं. दर पंधरा दिवसांनी ते असं उघडा. खाली पांढरं फडकं पसरा, कारण स्क्रू तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असतो आणि एकदा फरशीवर पडला की गेला. बटण अंगठ्याने दाबून धरा आणि एक स्क्रू काढा, मग दुसरा. बटण हळूहळू सोडा, आतली मोठी स्प्रिंग उडते. बटणाच्या पोटात आणखी एक छोटी स्प्रिंग असते, जोडणी तीच करते. सगळं स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. नळीच्या तळाशी दोन तारांची टोकं चमकताना दिसली पाहिजेत, तिथे काळा थर असेल तर काडीला कापूस गुंडाळून साफ करा. तेल घालू नका, त्याला धूळ धरते.

बसवल्यावर तीन तपासण्या. पहिली वजनाची: तलवार टोक वर करून उभी धरा, टोकावर ७५० ग्रॅम वजन ठेवा आणि बटण दाबा. सोडल्यावर स्प्रिंगने ते वजन उचलून दिवा विझवला पाहिजे. वजन घरी बनवता येतं: मध्ये पात्याएवढं भोक असलेला लोखंडी ठोकळा लोहाराकडून करून घ्या आणि किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घासत घासत ७५० वर आणा. दुसरी, बटण आणि नळीच्या मधल्या फटीत १.५ मिलिमीटरची पट्टी आत गेली पाहिजे. तिसरी, ०.५ मिलिमीटरची पट्टी फटीत घालून बटण दाबलं तर दिवा लागता कामा नये. लागला तर आतली छोटी स्प्रिंग लांब आहे, तिला किंचित दाबून आखूड करा. स्पर्धेत पंच पीस्टवर हेच तपासतो आणि तलवार नापास झाली की पिवळं कार्ड दाखवतो.

दोष कुठे आहे, तो दिव्यावरून ओळखा. टोचूनही दिवा लागत नाही: आधी दुसरी बॉडी वायर लावा. लागला तर वायरीत दोष, मल्टीमीटरने तिन्ही तारा मोजा, प्रत्येकीचा रोध १ ओहमच्या आत हवा. नाही लागला तर पात्याची तार तुटली, ती बहुधा मुठीजवळ नाहीतर पातं जिथे वाकतं तिथे तुटते. दिवा आपोआप लागतो: मुठीच्या आत तारांचं आवरण घासलं गेलं असतं, किंवा टोकात घाण. समोरच्याच्या गार्डवर, म्हणजे मुठीपुढच्या वाटीवर, टोक लागून दिवा लागतो: त्या गार्डवर गंज आहे, बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. इपीच्या प्लगला तीन पिना असतात. मधल्या पिनेपासून एका बाजूची १५ आणि दुसऱ्या बाजूची २० मिलिमीटरवर असते, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. जोर लावून उलटा घुसवलेल्या प्लगनेच निम्म्या वायरी मरतात.

घाम हा या सगळ्याचा वैरी. सराव संपला की तलवारी कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या जाकिटासोबत एका पिशवीत कोंबू नका. कपडे सावलीत वाळवा. लामे असेल तर कोमट पाण्यात सौम्य पावडरने हाताने खळबळून आडवं वाळत घाला, पिळू नका, जरीची तार तुटते.

परके खेळाडू कुठे मिळतात

इथे दोन शिड्या आहेत आणि पालक त्यांची गल्लत करतात. पहिली शालेय: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, जिल्हा, मग नागपूर किंवा अमरावती विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय. प्रवेशिका शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाते. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी यातली प्रमाणपत्रं कामी येतात. पण कोणत्या स्पर्धेचं कोणतं प्रमाणपत्र चालतं ते शासन निर्णयात बघून घ्या. दुसरी शिडी संघटनेची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, मग भारतीय तलवारबाजी महासंघाच्या सब-ज्युनिअर ते सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा. भारताचा संघ या दुसऱ्या शिडीवरून निवडला जातो. शालेय राष्ट्रीय सुवर्णपदक घेऊन बसलेली आणि संघटनेची स्पर्धाच न खेळलेली पोरं तिथेच थांबतात. दोन्ही खेळा, पण तारखा आदळल्या तर पंधराव्या वर्षानंतर संघटनेची निवडा.

स्पर्धेची सुरुवात पूलने होते. सहा-सात खेळाडूंचा गट, प्रत्येकाशी सामना, पाच टच किंवा तीन मिनिटं. पुढचा क्रम आधी विजयांच्या प्रमाणावर लागतो, ते सारखं असेल तर मारलेले टच वजा खाल्लेले टच यावर. म्हणून हरणारा सामनाही १-५ ऐवजी ४-५ ने हरणं फार मोलाचं. सहा सामन्यांत चार जिंकलेल्या दोघींपैकी एकीचा फरक अधिक नऊ आणि दुसरीचा अधिक दोन असेल, तर एलिमिनेशनमध्ये दुसरीला पहिल्याच फेरीत तगडी खेळाडू येते. पोरांना १-४ वर सोडून द्यायची सवय लागते, ती सरावातच मोडा. एलिमिनेशन १५ टचांचं.

सामन्यानंतर दहा मिनिटांच्या आत वहीत लिहायचं: प्रतिस्पर्धी कोणत्या हाताचा, पहिला टच कसा घेतला, मागे रेटल्यावर काय करतो, कुठे टच खाल्ला. गावात वर्षभर समोर तीच चार पोरं असणार, म्हणून ही वही हाच वर्षभराचा अभ्यासक्रम. 'अमुक खेळाडू मागे सरकत मनगटाला टोचते' असं लिहिलेलं असेल, तर गावातल्या चौघांपैकी एकाने महिनाभर तसंच खेळायचं.

उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत किमान पंधरा-पंधरा दिवस बाहेरच्या गटात सराव ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात फेन्सिंग आहे. बुलढाणा-वाशीमकडच्यांना ते जवळ पडतं, गडचिरोली-गोंदियाच्यांना रात्रभराचा प्रवास. राज्य पातळीवर पहिल्या आठात येणारं पोर १३ ते १६ च्या दरम्यान अशा निवासी केंद्राच्या निवड चाचणीला पाठवाच. घर सुटतं म्हणून आई-बाबा कचरतात, ते समजण्यासारखं आहे. पण या खेळात गावात राहून राष्ट्रीय पातळीच्या पुढे जाता येत नाही, हे आधीच घरात बोलून ठेवा. भवानी देवीनेही चेन्नई सोडून केरळातलं थलश्शेरीचं साई केंद्र गाठलं, नंतर इटलीत जाऊन सराव केला. टोकियोत २०२१ साली ती पहिला सामना १५-३ ने जिंकली, दुसरा फ्रान्सच्या मानाँ ब्रुने हिच्याशी ७-१५ ने हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वुशीत विश्वविजेत्या मिसाकी एमुराला हरवून तिने आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत भारताचं पहिलं पदक आणलं, कांस्य.

कागद वेळेत

खेळ तयार आणि कागद नाही, असं फार होतं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत, शाळेच्या दाखल्यात आणि आधारवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी हवी. पहिलीत घालताना जूनच्या हिशोबाने टाकलेली तारीख इथे आडवी येते, आणि वयोगटाचा खेळ असल्याने त्याकडे संशयानेच बघितलं जातं. दुरुस्ती दहाव्या वर्षाच्या आत करून घ्या. जन्मदाखल्यात बाळाचं नाव घातलेलं आहे का तेही बघा, जुन्या नोंदींत ती जागा बऱ्याचदा कोरी असते.

पोर राज्याच्या संघात आलं की पासपोर्ट काढा, निवड होईपर्यंत थांबू नका. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचा असतो आणि दोन्ही पालकांची संमती लागते. शेवटचे सहा महिने उरले की तो नवा करायला टाका, कारण अनेक देश तेवढी मुदत शिल्लक मागतात. त्यानंतर महासंघामार्फत एफआयईचा परवाना, तो दर हंगामाला नवा.

आशियाई कॅडेट-ज्युनिअर स्पर्धा बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येते, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षेत. नववीच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी लेखी बोलून ठेवा.

परदेशातली स्पर्धा

विमानात तलवारी फक्त चेक-इन सामानात जातात, हातात कधीच नाही. पिशवी घरीच धान्याच्या काट्यावर तोला, परतीला ओले कपडे जड होतात हे धरून. मास्क, बूट, हातमोजा आणि जाकीट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी पिशवी रखडली तर तलवार मागून मिळते, पायाच्या मापाचा बूट मिळत नाही. जाकिटाच्या पाठीवर आडनाव आणि खाली आय-एन-डी ही अक्षरं नियमानुसार हवीत. पीस्टवर किमान दोन तलवारी आणि दोन बॉडी वायर घेऊन उभं राहायचं, आम्ही तीन-तीन सुचवतो. एक तरी तलवार अशी ठेवा की ती सरावात वापरलेलीच नाही.

पंच फ्रेंचमध्ये बोलतो: 'आँ गार्द' म्हणजे तयार उभे राहा, 'प्रे' म्हणजे तयार का, 'आले' म्हणजे खेळा, 'आल्त' म्हणजे थांबा. गावातल्या सरावात पहिल्या दिवसापासून हेच शब्द वापरा. सामना संपल्यावर सलाम टाळला तर शिक्षा होते, तेही अंगवळणी पडू द्या.

सीनिअर विश्वचषकात पहिल्या दिवशी पूल आणि प्राथमिक फेऱ्या, दुसऱ्या टप्प्यात मुख्य ६४ खेळाडूंचं एलिमिनेशन. क्रमवारीतले पहिले १६ पूल खेळतच नाहीत. क्रमवारीचे गुण फिरत्या हिशोबाने मोजतात: यंदा एखाद्या स्पर्धेत मिळालेले गुण पुढच्या वर्षी तीच स्पर्धा झाली की गळतात. तेव्हा पैसा एका वर्षात चार दूरच्या स्पर्धांवर उडवून पुढच्या वर्षी घरी बसू नका. दोन-दोन स्पर्धा तीन वर्षं सलग परवडतील अशी आखणी करा, आणि सुरुवात आशियातल्या स्पर्धांपासून करा. विश्व अजिंक्यपदाला एका हत्यारात देशाचे चारच खेळाडू जातात. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक जागाही खंडनिहाय क्रमवारीवर ठरतात. आशियात कोण किती पुढे आहे याचा तक्ता दर महिन्याला घरात लावा.

युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेऊ देत नाहीत, म्हणून खव्याचे लाडू घरीच ठेवा. शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, सातूचं पीठ चालतं आणि दोन सामन्यांच्या मधल्या तासाभरात पोटाला जड होत नाही.

शेवटी औषधांचं, कारण याच ठिकाणी अजाणतेपणी कारकीर्द जाते. आपल्याकडे ताप आला, ऊन लागलं, अंग दुखलं की गावात सलाईन लावायची रीत आहे. उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन शिरेतून घेणं निषिद्ध आहे. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारासाठी, शस्त्रक्रियेसाठी किंवा तपासणीसाठी घेतलेली तेवढी चालते, आणि तिचेही कागद जपून ठेवावे लागतात. दुखऱ्या गुडघ्यात किंवा कमरेत मारायची स्टेरॉइडची सुई स्पर्धेच्या काळात चालत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीनही ठरावीक मर्यादेवर गेलं की पकडलं जातं. हे नियम राष्ट्रीय स्पर्धेतही लागू असतात. पोर राज्य संघात आल्याच्या दिवशी गावच्या डॉक्टरांना भेटून हे सांगा. प्रत्येक औषधाची चिठ्ठी, नाव आणि तारीख त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहीत चला, ज्या वहीत सामने लिहिता.